कमाई आणि दिव्यांग-अनुदान : एक हिशेब

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खेड्यांत सरकारी कागद समजून घेण्यासाठी पालक शिक्षकांकडे येतात. दिव्यांग पालकांचा एक प्रश्न असतो : चार पैसे मिळविले, तर अनुदान बंद होईल काय? याचे उत्तर अंदाजाने नव्हे, हिशेबाने द्यावे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्याचे अनुदान दरमहा २,५००, म्हणजे वर्षास ३०,००० रुपये झाले. मर्यादेच्या आत कमाई वाढल्यास अनुदानातून काही वजा होत नाही. मर्यादा ओलांडली की संपूर्ण अनुदानाची पात्रता जाते.

समजा, दुसरे उत्पन्न नसलेल्या घरात शिवणकामाचे महिन्यास ३,००० रुपये येतात. वर्षाची कमाई ३६,००० व अनुदान ३०,००० मिळून ६६,००० रुपये होतात. हीच कमाई महिन्यास ४,२०० झाली, तर वर्षाचे ५०,४०० रुपये होतात. परंतु अनुदान जाते. कष्ट वाढूनही घरात १५,६०० रुपये कमी येतात. पूर्वीइतकी प्राप्ती होण्यास महिन्यास ५,५०० मिळवावे लागतील.

तात्पर्य, मर्यादा दूर असता केवळ भीतीने काम सोडणे हे नुकसान होय. कापूसवेचणीची हंगामी मजुरी वर्षाच्या बेरजेत धरावी. एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये. मर्यादेजवळ पोचलेल्याने वाढलेले काम टिकाऊ आहे काय, हे पाहावे. उत्पन्न मात्र लपवू नये; तहसील कार्यालयात खरीच माहिती द्यावी. कोणत्याही घराचे नाव न घेता हे उदाहरण वरच्या वर्गांत फळ्यावर मांडावे.