रक्तदाब आणि आपल्याच शरीराचे शिपाई

‘बीपी टेन्शनने वाढते. टेन्शन गेले, की गोळी बंद,’ असे विहारात वंदनेनंतर बोलताना कुंडलमध्ये आपण नेहमी ऐकतो. हा समज अपुरा आहे.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी लढणारे शिपाई. त्यांतल्या काही ‘टी पेशी’. 2007 साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड हॅरिसन यांच्या गटाने या पेशी नसलेल्या उंदरांना रक्तदाब वाढवणारे द्रव्य दिले. दाब फारसा चढला नाही. टी पेशी परत दिल्यावर मात्र चढला. जंतू नसतानाही हे शिपाई रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत शिरून दाह करतात. वाहिन्या ताठर होतात, मूत्रपिंड मीठ धरून ठेवते. जास्त मिठानेही या पेशी चेवतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

मग आपण काय करावे?

• दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. खर्डा, लोणचे, पापड, सुकट यांतले मीठही त्यातच धरावे.
• तंबाखू, मिश्री, दारू सोडावी. पाचवे शील आपल्याला तेच सांगते.
• दाह आहे म्हणून अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या रक्तदाब वाढवतात.
• दाब पुन्हा पुन्हा 140/90 किंवा जास्त भरला, तर डॉक्टरांना दाखवावे. बरे वाटते ते गोळीमुळेच; ती मनाने बंद करू नये.

बाबासाहेबांना मधुमेह आणि रक्तदाबाने ग्रासले होते. 65 व्या वर्षी ते गेले. तेव्हा आजच्यासारखी औषधे नव्हती. आज सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. ती आपण करून घेऊ या.

जय भीम!