जुनी गोळी की नवी गोळी? स्किझोफ्रेनियाची औषधे समजून घेऊ या



आमच्या शाळेत एक वडील रोज मुलाला सोडायला यायचे. हात थरथरायचे, चाल ताठ. गेटवर कुजबुज व्हायची, 'सकाळी सकाळीच घेऊन आलेत!' खरं तर ते दारूला शिवतही नव्हते. त्यांना स्किझोफ्रेनिया होता आणि ती थरथर औषधामुळे होती. कळल्यावर माझीच मला लाज वाटली. म्हणून आज हा विषय.

कानात आवाज येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय, विचारांचा गोंधळ ही या आजाराची मुख्य लक्षणे. ही करणी नाही, बाहेरची बाधा नाही. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

जुनी औषधे : १९५२ मध्ये पॅरिसच्या डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन रुग्णांना देऊन पाहिले. १९५८ मध्ये बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल तयार झाले. ही औषधे मेंदूतील डोपामाइन या रसायनाचा प्रभाव कमी करतात, त्यामुळे भास आणि संशय ओसरतात. पण शरीराच्या हालचालींतही डोपामाइनचा वाटा असतो. म्हणून थरथर, ताठरपणा, एका जागी बसवत नाही असे त्रास होतात.

नवी औषधे : १९९० च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आली. ती डोपामाइनबरोबर सिरोटोनिनवरही काम करतात. थरथर साधारणपणे कमी होते. पण वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते, ओलान्झापिनने तर जास्तच.

मग नवे ते चांगले का? अमेरिकेत सुमारे दीड हजार रुग्णांवर झालेल्या 'केटी' अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. त्यात परफेनाझिन हे जुने औषध बहुतेक नव्या औषधांच्या बरोबरीने टिकले. ओलान्झापिन थोडे पुढे होते, पण वजनही त्यानेच जास्त वाढले. आणि दीड वर्षाच्या आत सुमारे ७४ टक्के रुग्णांचे ठरवून दिलेले औषध बंद झाले होते! क्लोझापिनची गोष्ट मात्र वेगळी. इतर दोन औषधांनी गुण आला नाही की डॉक्टर त्याचा विचार करतात. त्यात पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असल्याने नियमित रक्ततपासणी करावीच लागते.

थोडक्यात, जुने-नवे हा खरा प्रश्नच नाही. या माणसाला कोणते औषध सोसते आणि तो ते चालू ठेवतो का, हा खरा प्रश्न.

आपण काय करायचे?
१. त्रास होतोय म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आजार उलटू शकतो. डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येते.
२. नव्या गोळ्या चालू असतील तर वजन आणि साखर तपासत राहा.
३. सल्ला हवा असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६.

आणि गेटवर कुणाचे हात थरथरताना दिसले, तर कुजबुजण्याआधी एवढे आठवा : हा माणूस आजाराशी झुंजत असेल, आणि तरीही मुलाला वेळेवर शाळेत आणतोय.