रिकामा रकाना

अर्ज म्हटला की त्यात रकाने आले. नाव, गाव, वय, शिक्षण, अनुभव. पहिले तीन रकाने कोणालाही भरता येतात. पुढचे दोन आले की पुष्कळांचा हात थांबतो. आज आपण अशाच एका मुलीची हकिगत वाचू. तिचे नाव मी सांगत नाही. आमच्या गल्लीत तिला सगळे ताई म्हणतात. आपणही ताईच म्हणू.

आमचे गाव मिरजेजवळ आहे. ताईचे वडील द्राक्षबागेत मजुरी करतात. ताई नववीत होती तेव्हा तिच्या आईला लकवा मारला. उजवे अंग गेले. वाचाही गेली. वडील कामावर गेले नाहीत तर चूल पेटत नव्हती. धाकटा भाऊ चौथीत. मग घरी थांबणार कोण? ताई थांबली. दप्तर खुंटीला लागले, ते सात वर्षे खाली उतरले नाही.

मी तेव्हा शाळेचा मुख्याध्यापक होतो. पटावरून तिचे नाव कमी झाले, त्यावर सही माझीच आहे. पोरगी शाळेत का येत नाही, हे एकदा तिच्या घरी जाऊन विचारावे, एवढेही मला सुचले नाही. ही चूक मी लपवीत नाही.

आई गेली तेव्हा ताई बावीस वर्षांची होती. घरावर औषधपाण्याचे कर्ज होते. दोन-तीन महिन्यांनी ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. मिरजेच्या एका दवाखान्यात रुग्णांची देखभाल करायला माणसे हवी होती. त्याचा तो अर्ज.

“गुरुजी, एवढा फॉर्म बघता का?”

मी चष्मा लावून पाहिले. शिक्षणापुढे ‘आठवी पास’ असे लिहिले होते. अनुभवाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

“अगं, इथं रेघ का ओढलीस?”

“मग काय लिहू? सात वर्षं घरीच तर होते. काहीच केलं नाही मी.”

“आईचं कोण करत होतं?”

“मीच. पण ते घरातलंच की हो.”

मी म्हणालो, “बस खाली. पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय करायचीस ते सांग. मी लिहून घेतो.”

ती सांगू लागली. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची. पाठ, टाच, माकडहाड रोज नीट बघायचे. कुठे लाल दिसले तर त्या बाजूवर निजवायचे नाही. आई अंथरुणात असतानाच खालची चादर बदलायची. बसते करून घास भरवायचा. घास गिळला की नाही ते पाहूनच दुसरा द्यायचा. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. लघवीची पिशवी मोजून रिकामी करायची. रक्तदाब आणि साखर तपासून वहीत मांडायची. दवाखान्याचे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवायचे.

सांगता सांगता ती ताठ बसली. म्हणाली, “सात वर्षांत आईच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी.”

माझे पान भरले होते. ते मी तिच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, “हा तुझा अनुभव. आता त्या रेघेवर काट मार.”

वाचकहो, घरातले काम हे कामच असते. त्याला पगार नव्हता, म्हणून ते काम नव्हते असे होत नाही. मात्र ते कागदावर आणावे लागते. ‘आईची सेवा केली’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. काय केले, किती वर्षे केले, हे वेगवेगळे लिहावे. ताईच्या अर्जात आम्ही असे लिहिले:

“माझ्या आईस पक्षाघात झाला होता. मी सात वर्षे घरी तिची संपूर्ण देखभाल केली. रुग्णाची कूस बदलणे, अंग पुसणे, भरवणे, वेळेवर औषधे देणे, रक्तदाब व साखर तपासून नोंद ठेवणे ही कामे मला येतात. या कामाचे प्रमाणपत्र मजजवळ नाही. कृपया माझे काम पाहून निर्णय घ्यावा.”

शेवटची दोन वाक्ये तिला नको होती. “प्रमाणपत्र नाही हे आपणच कशाला सांगायचं?” ती म्हणाली. मी सांगितले, “ते विचारणारच. आपण आधी सांगितलं की मान खाली घालावी लागत नाही.” शेजारच्या एकाने तर तिला ‘नर्स’ असे लिही म्हणून सुचवले होते. ते आम्ही लिहिले नाही. नर्स होण्यासाठी ठरलेले शिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. जे आपण नाही ते लिहू नये. जे आहोत ते मात्र पुरते लिहावे.

अर्ज केला आणि लगेच काम मिळाले, असे झाले नाही. त्या दवाखान्याने ‘दहावी पाहिजे’ म्हणून परत पाठवले. दुसऱ्या ठिकाणी, घरोघरी माणसे पुरवणाऱ्या एकाने, पाच हजार रुपये अनामत आणि शाळेचा मूळ दाखला मागितला. ताई पैसे उसने काढायला निघाली होती. मी तिला थांबवले. काम देणाऱ्याने आपल्याला पैसे द्यायचे असतात, आपण त्याला नव्हे. मूळ कागदही कोणाजवळ ठेवू नयेत. ते दाखवावेत, नक्कल द्यावी आणि मूळ घरी आणावेत.

तिसऱ्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंनी अर्ज दोनदा वाचला. मग त्या ताईला एका म्हाताऱ्या आजींच्या खाटेजवळ घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “यांची चादर बदलून दाखव.” ताईने आधी आजींना सांगितले, “आजी, तुम्हाला जरा कुशीवर वळवते हं.” मग वळवले. मेट्रनबाई म्हणाल्या, “विचारून हात लावतेस, हे चांगलं आहे. एक महिना ये, बघू.” महिन्याने तिला कायम ठेवून घेतले.

कामावर जाण्याआधी तिने चार गोष्टी विचारून वहीत लिहून घेतल्या होत्या. पगार किती व कोणत्या तारखेला? पाळी किती तासांची? सुट्टी कोणत्या दिवशी? रात्री घरी परतायची सोय काय? हे विचारण्यात लाज नाही.

आता शिक्षणाच्या रकान्याचे पाहू. शाळा सुटली म्हणजे दहावी कायमची सुटली असे नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. हा फॉर्म संगणकावर भरतात. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. फॉर्म परीक्षेच्या कित्येक महिने आधी भरायचा असतो. म्हणून पावसाळ्यातच जवळच्या हायस्कुलात चौकशी करावी. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची आहे. ही संस्था १९८९ साली निघाली. तिच्या दहावीला १४ वर्षांच्या पुढे वयाची अट नाही. काम शोधायचे असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास व रोजगाराचे सरकारी केंद्र असते. तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

ताईने १७ नंबरचा फॉर्म भरला. या वेळी दाखला काढून द्यायला मी स्वतः शाळेत गेलो. ती रात्रपाळी करून दुपारी अभ्यास करी. परीक्षा झाली. मराठी, हिंदी, इंग्रजी, विज्ञान, समाजशास्त्र सुटले. गणित राहिले. निकालाच्या दिवशी ती माझ्या ओट्यावर गप्प बसून होती. धाकटा भाऊ आता अकरावीत आहे. तो म्हणाला, “ताई, मी शाळेत जावं म्हणून तू घरी बसलीस. आता गणित मी शिकवतो.”

पुरवणी परीक्षेला ती बसणार आहे. रोज दुपारी दोघांचा आवाज माझ्या घरापर्यंत येतो. चुकले की भाऊ ओरडतो, आणि ताई हसते.

प्रश्न

१. ताईने अनुभवाच्या रकान्यात रेघ का ओढली होती?

२. अर्जात ‘नर्स’ असे का लिहिले नाही?

३. अनामत मागणाऱ्याला पैसे का देऊ नयेत?

हे करा

तुमच्या घरात आजारी माणसाचे, म्हाताऱ्यांचे किंवा लहान मुलांचे कोण करते? त्या माणसाजवळ बसा. पहाटेपासून रात्रीपर्यंतची त्याची कामे विचारा आणि एकाखाली एक लिहा. लिहून झाल्यावर ते पान त्याला मोठ्याने वाचून दाखवा.