तरुण कुत्र्याचे भुंकणे व त्यास लावावयाचे वळण

शाळेच्या वाटेवरील एखाद्या घराच्या ओसरीला आठ-दहा महिन्यांचा कुत्रा बांधलेला असतो. वाटेने दुसरा कुत्रा जाऊ लागला की तो साखळी ताणून भुंकतो, घरधनी काठी उगारतो आणि शाळेस निघालेली लहान मुले भिंतीला चिकटून उभी राहतात. 'कुत्रा वाईट निघाला' असा निवाडा गाव तत्काळ देते. प्राणिजीवनाचा पाठ घेताना शिक्षकाने या निवाड्यापासूनच आरंभ करावा. कारण तो बहुधा चुकीचा असतो.

अशा भुंकण्याच्या मुळाशी पुष्कळदा भय असते. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलू जे सहजपणे पाहते व हुंगते, ते त्याला पुढे फारसे भीतिदायक वाटत नाही. त्या काळात एकटे वाढलेल्या पिलास परका कुत्रा संकटच वाटतो. काहींना उलट खेळावयास जावयाचे असते, आणि साखळी आड येते म्हणून ते चिडतात. भ्यालेल्याचे कान मागे पडतात, शेपटी खाली जाते; खेळू पाहणारा पुढचे पाय टेकून मागचा भाग उंचावतो. शेपटी हलली म्हणजे कुत्रा आनंदला, ही समजूत मात्र मुलांच्या मनातून काढून टाकावी. ताठ, उंच शेपटी हलविणारा कुत्रा चावूही शकतो.

बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. भुंकणे हाच त्याचा उपाय. वाटेचा कुत्रा आपल्या कामाने निघून जातो, पण ओसरीवरच्याला वाटते की आपणच त्याला हुसकावले. रोज अनेकदा असा विजय मिळाल्यावर सवय पक्की न होईल तर नवल! त्यात काठीची भर पडली की परका कुत्रा दिसणे व मार बसणे यांचा संबंध मनात जुळतो आणि भय दुणावते. माराच्या धाकाने ज्याचे गुरगुरणे थांबले तो कुत्रा तर अधिक धोक्याचा; तो इशारा न देता चावतो.

हाच संबंध उलटा जुळविता येतो. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह (१८४९–१९३६) यांनी दाखविले की अन्नापूर्वी वारंवार मिळणाऱ्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटू लागते. येथे परका कुत्रा हीच खूण करावयाची. ओळखीच्या माणसाने दुसरा कुत्रा दोरीला धरून मोकळ्या रानात इतक्या लांब उभे राहावे की आपला कुत्रा त्याला पाहील, पण भुंकणार नाही. हे अंतर पन्नास पावले असेल, शंभरही असेल. तो दिसताच भाकरीचा तुकडा द्यावा. दृष्टीआड होताच देणे थांबवावे. आधी दर्शन, मग तुकडा, हा क्रम चुकू नये. कांदा-लसूण घातलेले कालवण तुकड्याला लावू नये. ते कुत्र्याला बाधते. दोरी सैल ठेवावी, कारण ताणलेल्या दोरीने त्याची अस्वस्थता वाढते. परका कुत्रा पाहून तो आपण होऊन धन्याकडे वळू लागला की दोन-चार पावले पुढे सरकावे. भुंकलाच तर रागावू नये, मागे फिरावे. एका वेळी पाच-दहा मिनिटे पुरेत. एरवी त्याला परसात बांधावे, किंवा ओसरीला गोणपाटाचा आडोसा करावा, म्हणजे जुना विजय त्याला पुन्हा मिळणार नाही.

हे काम घरच्या मोठ्या माणसांचे आहे. मुलांनी केवळ लांबून निरीक्षण करून वहीत नोंद करावी. बांधलेल्या कुत्र्याला 'छू' करून चिथावण्याची खोड शिक्षकाने वेळीच मोडावी. पिलास तीन महिन्यांच्या सुमारास व पुढे पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे रेबीजची लस टोचून घेणे घरधन्याला सुचवावे. कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

एखाद्या दिवशी वेशीवरचा मोकळा कुत्रा अकस्मात अंगाशी येतो आणि पंधरा दिवसांचे काम फुकट गेलेसे वाटते. अशा वेळी कुत्र्याला घेऊन शांतपणे घराकडे वळावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लांबच्या अंतरापासून आरंभ करावा.