पेटीत मावलेली अंधारखोली

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. पलीकडे कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो.

समजा, साल २००० आहे आणि तुमच्या शाळेची सहल येथे आली आहे. तुमच्याबरोबर फोटोवाले चाचा आहेत. त्यांनी आपला जुना लाकडी कॅमेरा आणला आहे. पुढे पितळी भिंग, मागे दुधी काच, मध्ये बाजाच्या पेटीसारखा काळा भाता, आणि खाली तीन पायांचा स्टँड. एका अंगणात एक आजी बसल्या आहेत. चाचा विचारतात, "आजी, फोटो काढू का?"

"काढा की. पण मला दाखवणार कधी? मागे एकाने काढून नेला, तो काही परत आला नाही."

आजींची तक्रार खरी आहे. ती कशी उत्पन्न झाली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

फडके आठ-नऊ वर्षांचे होते, तेव्हा म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार झाले. उर्दूत तुम्ही छायाचित्रकाराला अक्कास म्हणता. अक्स म्हणजे प्रतिबिंब. त्या काळच्या अक्कासाला अक्स पकडण्यासाठी फार खटपट करावी लागे. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली असतानाच फोटो घेऊन ओली असतानाच धुवायची. सगळे दहा-पंधरा मिनिटांत. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. म्हणून गावोगाव फिरताना काळा तंबू, बाटल्या आणि पाणी बरोबर न्यावे लागे. पण एक गोष्ट चांगली होती. काच तेथल्या तेथे तयार होई. चुकली असेल तर अक्कासाला लगेच कळे.

१८८० च्या सुमारास कारखान्यात बनलेल्या कोरड्या काचा मिळू लागल्या. तंबू गेला, ओझे कमी झाले. पण आता काच पेटीत बंद होऊन शहरात जाई आणि फोटो दिसायला कित्येक दिवस लागत. माझ्या मते आजींची तक्रार सुरू झाली ती येथून.

बाजारातल्या फोटोवाल्यांनी यावर आपला उपाय काढला. त्यांनी अंधारखोली कॅमेऱ्यातच घातली! जयपूरला हवामहलासमोर असे 'मिनिट कॅमेरे' अनेक वर्षे उभे असत. पेटीला बाजूला कापडी बाही असे. तीत हात घालून आतल्या आतच कागद धुवायचा. आधी उलटा, म्हणजे काळ्याचे पांढरे दिसणारा फोटो निघे. त्याचाच पुन्हा फोटो काढला, की सुलटा मिळे.

अमेरिकेत १९४३ मध्ये एडविन लँड यांच्या लहान मुलीने त्यांना आजींसारखाच प्रश्न विचारला, "फोटो आत्ताच का दिसत नाही?" लँड यांनी १९४७ मध्ये झटपट फोटोची रीत लोकांसमोर करून दाखवली. त्यांच्या पोलरॉइड कंपनीने १९५८ मध्ये मोठ्या कॅमेऱ्यांसाठी ४ बाय ५ इंचांच्या फिल्मचा होल्डर काढला. तोच चाचांच्या हातात आहे.

अडचण अशी, की चाचांचा कॅमेरा हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा. त्यात हा होल्डर बसत नाही. म्हणून त्यांनी सुताराकडून मागची चौकट नवी करून घेतली आहे. हे काम सोपे वाटते, पण सुताराची परीक्षा पाहणारे आहे. भिंगापासून दुधी काच जेवढ्या अंतरावर, बरोबर तेवढ्याच अंतरावर फिल्म यायला हवी. थोडाही फरक पडला, तर काचेवर आजी स्पष्ट दिसतील आणि फोटोत धूसर येतील.

चाचा काळ्या कापडात डोके घालतात. काचेवर आजी उलट्या दिसतात, डोके खाली. मग चाचा होल्डर बसवून त्यात फिल्मचे पाकीट सरकवतात. त्यांच्या जुन्या भिंगाला शटर नाही, टोपण आहे. फिल्म मंद आहे, म्हणून त्यांनी आजींना मुद्दाम सावलीत बसवले आहे. उन्हात टोपण काढून लावेपर्यंत फोटो पांढरा पडला असता. पाकिटाचे वेष्टन वर ओढले, टोपण काढले, "एक" म्हटले, टोपण लावले. वेष्टन पुन्हा आत. आता होल्डरची कळ फिरवून चाचा पाकीट एका दमात बाहेर ओढतात. आत पोलादी रुळांची जोडी आहे. तिच्यात दाबली जाऊन पाकिटातली औषधाची पुडी फुटते आणि औषध फिल्म व कागद यांच्यामध्ये सारखे पसरते. हात मध्येच थांबला, की फोटोवर आडवा पट्टा उमटतो. ते औषध बोटांना लावून घेऊ नका, झोंबते.

पंचवीस-तीस सेकंद थांबून चाचा पाकीट सोलतात. आजी आपला फोटो पाहतात आणि म्हणतात, "पदर सरळ करायला हवा होता." दुसरे पाकीट घालून पुन्हा फोटो!

तो फोटो आजी परत देत नाहीत. तुम्हाला तो शाळेच्या फलकावर लावायचा होता. बहुतेक झटपट फिल्मचा फोटो एकच निघे, त्याला जोड नसे. पण चाचांनी टाइप ५५ ही फिल्म आणली आहे. तिच्यात कागदाबरोबर निगेटिव्हही मिळे. चाचा ती लगेच सोडियम सल्फाइटच्या पाण्यात टाकतात. तुमची प्रत त्यावरून निघेल, पण तुम्हाला थांबावे लागेल.

पोलरॉइडने २००८ मध्ये आपली झटपट फिल्म बंद करण्याचे जाहीर केले. फुजीची सोलून काढायची शेवटची फिल्म २०१६ मध्ये थांबली. चाचांच्या होल्डरचे रूळ अजून फिरतील, पण मध्ये घालायला पाकीट नाही. २०२० मध्ये लोमोग्राफी कंपनीने ४ बाय ५ च्या कॅमेऱ्यांसाठी नवा भाग काढला. त्यात फुजीची इन्स्टॅक्स वाइड फिल्म चालते. तिचा फोटो सोलावा लागत नाही, हातातच हळूहळू उमटतो. मात्र तो चाचांच्या कॅमेऱ्याला लावायचा, तर पुन्हा सुताराकडे जावे लागेल, आणि पुन्हा तेच अंतर मोजावे लागेल.