परग्रहावरील जीव रेखाटताना
परग्रहवासीयाचे चित्र म्हटले की विद्यार्थी प्रथम शिंगे व सुळे काढतात. आम्ही मात्र आधी त्याचा ग्रह ठरवावयास सांगतो. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीतील मंगळवासीयांना सोंडेसारखे सोळा लवचिक अवयव आहेत. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. म्हणून पृथ्वीवर त्यांना स्वतःचाच देह जड होतो. रूपामागे असे कारण हवे.

जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यासारखा तप्त, कोरडा ग्रह कल्पिला, तर उष्णता बाहेर टाकणारे मोठे, पातळ कान व रात्री पाहणारे विशाल डोळे काढावेत. आधी सांगाडा, मग अवयव, शेवटी छायांकन.

वेल्स यांनी त्याच कादंबरीत टास्मानियातील मूळनिवासींच्या संहाराचे स्मरण दिले आहे. म्हणून चित्राखाली विद्यार्थ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर लिहावे: या जीवाने माणसाचे चित्र काढले, तर राक्षस कोण ठरेल?