युद्धकाळातील स्थलांतर : शेजारचाच देश का?

युद्ध पेटले की माणसे देश सोडतात, हे सर्वविदित आहे. परंतु ती शेजारच्याच देशात का जातात, याचा विचार सहसा केला जात नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या निर्वासितांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात हत्याकांड आरंभिले. त्यानंतर शहर सोडणाऱ्या असंख्य लोकांनी प्रथम सरहद्दीची नव्हे, तर आपापल्या खेड्यांची वाट धरली. पुढे सैन्य जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले, गावे जाळली जाऊ लागली आणि हा आसराही उरला नाही. यावरून असे दिसते की, परदेशाचा आश्रय हा भयग्रस्त माणसाचा पहिला विचार नसून अखेरचा उपाय असतो. हिंदूंना विशेषत्वाने लक्ष्य करण्यात आल्यामुळे निर्वासितांत त्यांचे प्रमाण फार मोठे होते; तथापि अवामी लीगचे कार्यकर्ते, विद्यार्थी व सामान्य मुसलमान कुटुंबेही त्यांत होती.

स्थलांतराची दिशा प्रथमतः भूगोलाने ठरविली. पूर्व पाकिस्तानच्या तीन बाजूंना मुख्यतः भारताची भूमी होती व दक्षिणेस समुद्र होता. वृद्धांना व मुलांना घेऊन पायी निघालेल्या कुटुंबाला जेथवर चालता येईल, तेथवरच जाता येते. जेसोरकडील लोक बनगावला आणि कोमिल्लाकडील लोक आगरतळ्याला आले, ते याच कारणाने. दुसरे कारण भाषेचे व नात्यांचे. पश्चिम बंगाल व त्रिपुरा येथे बंगाली बोलली जात होती; १९४७ च्या फाळणीमुळे अनेकांचे आप्त सरहद्दीपलीकडे आधीच स्थायिक झाले होते. तिसरे कारण असे की, भारताने आपली सरहद्द खुली ठेवली.

वर्षअखेरीस निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्यांपैकी सत्तर लाखांहून अधिक लोक एकट्या पश्चिम बंगालमध्ये होते. सुमारे साडेपंधरा लाख वस्तीच्या त्रिपुरात जवळजवळ चौदा लाख निर्वासित आले. छावण्यांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाण्यातील मिश्रण रुग्णांना तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली व मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. हा भार केवळ सीमावर्ती राज्यांनीच वाहिला असे नाही. नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. मुंबईहून वा मद्रासहून पत्र धाडणाराही त्यात सहभागी होता.

शेजारच्या देशाची वाट धरण्यामागे आणखी एक कारण असते, ते म्हणजे परतीची आशा. सरहद्दीलगत राहणाऱ्याला गावाकडील वार्ता कळत राहते आणि संधी मिळताच चालत परत जाता येते. १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात शरणागती पत्करली आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत बहुसंख्य निर्वासित स्वतंत्र बांगलादेशात परतले. अनेकांच्या घरांच्या जागी केवळ राख उरली होती, तरीही ते गेले.

निर्वासित हा सुखाच्या शोधात आलेला आगंतुक होय, असा समज अनेकदा प्रकट केला जातो. १९७१ चा अनुभव त्याच्या उलट साक्ष देतो. घर राहण्याजोगे उरले नाही म्हणून माणसे निघाली आणि घराकडे परतता यावे म्हणूनच ती जवळ थांबली.